थ्री-लेयर श्रिंक स्लीव्ह: होलिडे टेस्ट (कोटिंगमधलं भोक विजेने शोधणारी चाचणी) पास झाली म्हणजे जॉइंट पास झाला असं नाही

वस्तू: थ्री-लेयर हीट श्रिंक स्लीव्ह, रॅपअराउंड प्रकार, सोबत दोन भागांचं लिक्विड इपॉक्सी प्रायमर
कामाची जागा: जमिनीखालच्या, ३एलपीई (इपॉक्सी, चिकट थर आणि पॉलिथिलीन असं तीन थरांचं) कोटिंगच्या स्टील लाइनचे फील्ड जॉइंट, म्हणजे साइटवर वेल्ड केलेले सांधे
गुण: पाचपैकी साडेतीन. ब्लास्टिंग आणि तापमान सांभाळलं तर साडेचार. वायर ब्रशवर भागवलं तर एक.

१२ मीटरचा पाइप धरला तर किलोमीटरला साधारण ८३ जॉइंट होतात. प्रत्येक जॉइंटला दोन्ही बाजूंचं दीडशे-दीडशे मिलिमीटर स्टील उघडं असतं. हिशेब केला तर लाइनच्या एकूण पृष्ठभागापैकी हे जेमतेम अडीच टक्के. बाकीच्या साडेसत्त्याण्णव टक्क्यांना प्लांटमध्ये, छपराखाली, इंडक्शन कॉइलमधून गरम होऊन कोटिंग मिळतं. या अडीच टक्क्यांच्या नशिबी मात्र ट्रेंचचा काठ, धूळ, वारा आणि संध्याकाळी पाचची घाई. पुढे गंजाची बोंब कुठून उठते ते वेगळं सांगायला नको.

हे परीक्षण कुठल्या एका ब्रँडचं नाही, या प्रकाराचं आहे. चांगल्या कंपन्यांच्या स्लीव्हमध्ये एकमेकींत जितका फरक असतो, त्याहून जास्त फरक एकाच कंपनीची स्लीव्ह दोन वेगवेगळ्या टोळ्यांनी चढवली की पडतो.

किटमध्ये स्लीव्हचा पट्टा, तिची दोन टोकं जोडणारा क्लोजर पॅच आणि इपॉक्सीचे ए व बी असे दोन डबे येतात. स्लीव्हचं बाहेरचं अंग क्रॉसलिंक केलेल्या (रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जोडलेल्या) पॉलिथिलीनचं असतं. ते कारखान्यात गरम करून ताणतात आणि ताणलेल्या अवस्थेतच थंड करतात. पुन्हा उष्णता लागली की ते मूळ मापाकडे आवळत जातं. आतल्या बाजूला चिकट थर असतो. स्टीलवर इपॉक्सी, त्यावर हा चिकट थर, त्यावर पॉलिथिलीन: मिल कोटिंगचीच, म्हणजे प्लांटमध्ये दिलेल्या कोटिंगचीच, ही फील्डमधली नक्कल. फरक एवढाच, की मिलमध्ये इपॉक्सी पावडर सव्वादोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या पाइपवर वितळून बसते, आणि इथे ती डब्यातून निघून पॅडने फासली जाते. म्हणजे पैसे स्लीव्हचे मोजत असलात तरी गंज रोखण्याचं खरं काम इपॉक्सीचं आहे. स्लीव्ह हे त्याच्यावरचं पांघरूण.

मागवतानाच होणारी चूक आधी सांगतो, कारण ती साइटवर दुरुस्त होत नाही. चिकट थर तीन जातींचे मिळतात. मॅस्टिक मऊ, लवकर वाहणारा, कमी उष्णतेत बसणारा. पण लाइन गरम चालली की तो सरकतो. हॉट-मेल्ट कडक, ताकदीचा, पण त्याला पाइप बराच जास्त तापवावा लागतो. हायब्रिड या दोघांच्या मधला. ग्राहकांकडे जाणाऱ्या शहरी गॅस लाइनला मॅस्टिक किंवा हायब्रिड पुरतो. कॉम्प्रेसर स्टेशनच्या डिस्चार्जला, जिथे गॅस ५०-६० अंशांवर निघतो, तिथे सगळ्या लाइनसाठी म्हणून एकच मॅस्टिक स्लीव्ह मागवली तर माती बसताना ती स्लीव्ह घेऊनच बसते. खाली सुरकुत्या पडतात आणि कडेला फट उघडते. डेटाशीटवरचं कमाल तापमान लाइनच्या डिझाइन तापमानाशी ताडून पाहायचं. चालू तापमान सध्या किती आहे, यावर जायचं नाही.

स्लीव्हच्या नावावर खपणाऱ्या दोषांपैकी बरेचसे मुळात वेल्डचे असतात. एपीआय ११०४ या पाइपलाइन वेल्डिंगच्या मानकाप्रमाणे कॅप, म्हणजे वेल्डचा सगळ्यात वरचा थर, पाइपच्या अंगापेक्षा १.६ मिलिमीटरहून जास्त वर नको. तीन मिलिमीटरचा डोंगर उभा राहिला, की स्लीव्ह वेल्डच्या माथ्यावरून ताणली जाते आणि दोन्ही पायथ्यांशी तंबू धरते. आत हवेची नळी तयार होते, ती थेट परिघभर फिरते. पाणी कुठूनही शिरलं की पूर्ण वेल्डला प्रदक्षिणा घालतं, आणि वेल्डची कड हीच जागा ताणाच्या दृष्टीने सगळ्यात नाजूक. अंडरकट (वेल्डच्या कडेला स्टीलमध्ये पडलेली खाच) खोल असेल तर त्या खाचेत ना ब्लास्टिंगचा ग्रिट नीट पोचत, ना इपॉक्सी. स्पॅटरचा (वेल्डिंगमध्ये उडून चिकटलेल्या धातूचा) दाणा राहिला तर आवळताना तो स्लीव्हला आतून टोचतो. छिन्नी आणि ग्राइंडर फिरवून स्पॅटर काढणं हे वेल्डरच्या टोळीचंच काम आहे. कोटिंगवाल्यांनी ते काढत बसायचं म्हटलं की ते अर्धवट होतं.

सेल्युलोजिक, म्हणजे सेल्युलोजचा लेप असलेल्या, वेल्डिंग रॉडचं एक. रूटला (वेल्डच्या तळच्या पहिल्या थराला) ई-६०१० आणि वरच्या पासना (थरांना) ई-८०१० वापरून वरून खाली वेल्डिंग करायची पद्धत क्रॉस-कंट्री लाइनवर अजूनही सर्रास आहे. हे रॉड ओव्हनमध्ये भाजायचे नसतात. त्यांच्या लेपात थोडा ओलावा असावाच लागतो. भाजले तर आर्क बिघडतो. ई-७०१८ मात्र ओव्हनमध्येच हवा. दोन्ही एका ओव्हनमध्ये कोंबलेले दिसले तर कोटिंगच्या आधी वेल्डची काळजी करा. सेल्युलोजिकने हायड्रोजन जास्त शिरतो, म्हणून प्रीहीट चुकवायचा नाही आणि रूटनंतर हॉट पास, म्हणजे दुसरा थर, रेंगाळू द्यायचा नाही. पाच-सात मिनिटांत तो पडायला हवा. वेल्डिंग चालू असताना दोन्ही बाजूंच्या मिल कोटिंगवर ओलं गोणपाट किंवा फायर ब्लँकेट किमान अर्धा मीटर टाकून ठेवायचं. ठिणग्यांनी भाजलेल्या पॉलिथिलीनवर स्लीव्हची कड कधीच धड बसत नाही.

आता ब्लास्टिंग. इथे सौदा नाही. स्वच्छतेचा ग्रेड एसए अडीच (जवळपास पांढरं स्टील), प्रोफाइल (पृष्ठभागाचा खरबरीतपणा) ५० ते १०० मायक्रॉन, आणि प्रोफाइल नजरेने नाही तर त्याचा ठसा घेणारी रेप्लिका टेप दाबून मोजायचा. पॉवर वायर ब्रशने स्टील चकचकीत होतं, म्हणून बघणाऱ्याला ते स्वच्छ वाटतं. प्रत्यक्षात मिलस्केल (स्टीलवरची काळी ऑक्साइडची साल) घासून गुळगुळीत झालेली असते आणि इपॉक्सीला धरायला दात उरत नाहीत. ग्रिट म्हणून गार्नेट किंवा चांगला कॉपर स्लॅग घ्या. समुद्राची वाळू दोन कारणांनी बाद: तिच्यातलं मीठ स्टीलमध्ये ठोकलं जातं आणि सिलिकाची धूळ ब्लास्टरच्या छातीत जाते. कॉम्प्रेसरची हवा कोरडी आहे का हे पाहायला पांढरं फडकं नोझलसमोर मिनिटभर धरायचं. तेलाचा पिवळा डाग आला तर हवेतलं तेल-पाणी अडवणारा ट्रॅप आधी उपसा, मग काम.

ब्लास्टिंग फक्त उघड्या स्टीलवर थांबत नाही. मिल कोटिंगच्या तोंडाशी पॉलिथिलीन ३० अंशांच्या उताराने कापलेलं असतं आणि त्याच्या पुढे पावडर इपॉक्सीची पट्टी डोकावते. त्या पट्टीवर हलका झोत मारायचा आणि पॉलिथिलीन शंभर मिलिमीटरपर्यंत खरबरीत करायचं. ब्लास्टर समोरून उभा राहून झोत मारतो तेव्हा या उताराच्या सावलीत अंगठ्याएवढी काळपट कड नेमकी पाइपच्या पोटाखाली राहते. आरसा धरून सहाच्या काट्यावर (पाइपचं तोंड घड्याळ मानलं तर तळाशी) बघितल्याशिवाय ती दिसत नाही. दहा रुपयांचा आरसा, पण टूलबॉक्समध्ये क्वचितच सापडतो.

कोकणपट्टीत, दाभोळ-उरणकडच्या भागात, मिठाची चाचणी वगळू नये. ब्रेस्ल पॅचने (स्टीलवर चिकटवून, आत पाणी सोडून मीठ मोजायच्या पट्टीने) मोजून २० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटरच्या आत हवं. जास्त निघालं तर गोड्या पाण्याने धुऊन पुन्हा ब्लास्ट. नुसतं पुन्हा ब्लास्ट केल्याने मीठ जात नाही, खोल जातं. दमटपणाचाही हिशेब डोळ्यांवर सोडू नका. हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू सव्वापंचवीसच्या आसपास येतो. स्टील त्याहून तीन अंशांनी तरी गरम हवं, म्हणजे २८ अंशांचा पाइपही तिथे नापास. सकाळी सातला ब्लास्ट करून ठेवलेला पाइप नऊपर्यंत गंजाची केशरी झाक धरतो. तो तसाच रंगवला जातो, कारण प्रायमर लागल्यावर झाक कुणाला दिसत नाही.

प्रीहीट हा स्लीव्हच्या कामाचा सगळ्यात दुर्लक्षित टप्पा. मॅस्टिक आणि हायब्रिडसाठी ६० ते ८० अंश पुरतात; हॉट-मेल्टसाठी शंभराच्या वर, डेटाशीटप्रमाणे. गोम मोजण्यात आहे. नुकत्याच ब्लास्ट केलेल्या उघड्या स्टीलवर इन्फ्रारेड गन खोटं बोलते: उघडा धातू उष्णता कमी फेकतो, त्यामुळे गन खरं तापमान कमी दाखवते. तीच गन शेजारच्या काळ्या पॉलिथिलीनवर जवळपास बरोबर दाखवते. मग टोळीवाला स्टीलला आणखी तापवतो आणि पॉलिथिलीनची कड जाळतो. टच प्रोब असलेला थर्मामीटर घ्या आणि बारा, तीन, सहा, नऊ या चारही काट्यांवर लावा. टेम्पिल खडू (ठरावीक तापमानाला वितळणारा खडू) स्टीलवर ओढू नका, त्याचा मेणचट डाग प्रायमरखाली राहतो. टॉर्चची ज्योत पिवळी, धुरकट असेल तर स्टीलवर काजळी बसते. बोट फिरवून पाहा, काळं झालं तर पुसून उपयोग नाही, पुन्हा झोत मारावा लागतो. १८ इंचांच्या वर दोन टॉर्च, समोरासमोर. २४ इंचांच्या वर इंडक्शन कॉइल मिळत असेल तर टॉर्चचा हट्ट धरू नये. महाग पडते, पण पाइपची वरची बाजू आणि पोट सारखं तापतं.

इपॉक्सीचं प्रमाण अंदाजाने काढू नका. समृद्धी महामार्गालगतच्या मुंबई-नागपूर गॅस लाइनसारखी २४ इंची लाइन घ्या. बाहेरचा व्यास ६१० मिलिमीटर, परीघ १.९१६ मीटर. उघडं स्टील ३०० मिलिमीटर, दोन्हीकडे कोटिंगवर १५-१५ मिलिमीटर चढवायचं, म्हणजे पट्टा ०.३३ मीटरचा. क्षेत्रफळ ०.६३ चौरस मीटर. २०० मायक्रॉनचा ओला थर हवा तर १२६ मिलिलिटर पाइपवर राहायला हवं; पॅड, डबा आणि खाली सांडणारं धरून १६० मिलिलिटरच्या खाली भागत नाही. एका किटमध्ये दोन जॉइंट मारण्याची युक्ती सगळीकडे चालते, म्हणून वेट फिल्म कॉम्ब (ओल्या थराची जाडी मोजणारी फणी) प्रत्येक जॉइंटवर लावा. ए आणि बी डबे पूर्णच्या पूर्ण एकत्र करायचे, अर्धे नाहीत. रंगातल्या रेघा जाऊन एकच रंग येईपर्यंत ढवळायचं. डब्यावर २३ अंशांना लिहिलेला पॉट लाइफ, म्हणजे मिसळल्यावर वापरण्याजोगा वेळ, मे महिन्यातल्या ४० अंशांना निम्म्याहून खाली येतो. डबा हाताला गरम लागला तर तो फेका.

स्लीव्ह इपॉक्सी ओलं असतानाच चढते. मिल कोटिंगवर दोन्ही बाजूंना, आवळून झाल्यावर, किमान ५० मिलिमीटर यायला हवी. आवळताना लांबीतही थोडी कमी होते, त्यामुळे कापतानाच मोजून ठेवायचं. दोन टोकांचा ओव्हरलॅप दहाच्या किंवा दोनच्या काट्यावर, वरचं टोक खाली उतरेल असा, म्हणजे मातीचा भार सांधा उघडणार नाही. क्लोजर पॅच आधी मऊ होईपर्यंत तापवून हातमोज्याने दाबायचा, मग रोलर. त्यानंतर मधून सुरुवात: वेल्डच्या परिघाभोवती पूर्ण फेरी, मग एका कडेकडे, मग दुसऱ्या. कडेपासून सुरुवात केली तर मधली हवा कोंडते, आणि तो फुगा रोलरने कधीच पूर्ण निघत नाही. ज्योत एका जागी थांबली की पॉलिथिलीन चमकतं, मग सुरकुततं, मग भोक. पूर्ण झाल्याची खूण दोन्ही कडांशी परिघभर सारखा डोकावणारा चिकट थर. पाच-सात ठिकाणी आला आणि पोटाशी नाही, तर काम अपुरं आहे. गरम असतानाच वेल्डच्या दोन्ही पायथ्यांशी आणि पाइपच्या लांब शिवणीवर रोलर चेपून फिरवायचा. बारकाईने करणाऱ्याला तंबू बोटाला जाणवतो.

थंड झाल्यावर होलिडे टेस्ट. पॉलिथिलीनवर २५ हजार व्होल्टपर्यंत. कॉइल स्प्रिंग फिरते, बीप नाही, सही झाली, माती टाका. नेमकी इथेच फसगत होते. होलिडे टेस्ट भोक सांगते, चिकटलं आहे की नाही हे सांगत नाही. इपॉक्सी न लावता, गंजक्या स्टीलवर स्लीव्ह नुसती आवळली तरी ती ही टेस्ट पास होते.

आणि न चिकटलेली स्लीव्ह जमिनीखाली उघड्या स्टीलपेक्षा वाईट. उघड्या स्टीलला कॅथोडिक प्रोटेक्शनचा (गंज रोखायला पाइपला जमिनीतून दिला जाणारा) करंट तरी मिळतो. सुटलेल्या पॉलिथिलीनखाली पाणी शिरतं, करंट शिरत नाही; पॉलिथिलीन विजेला अडवतं. वर टेस्ट पोस्टवर (पाइपचा व्होल्टेज मोजायच्या खांबावर) उणे ८५० मिलिव्होल्टच्या पलीकडचं, म्हणजे पाइप सुरक्षित असल्याचं, वाचन सुरेख येत राहतं, डीसीव्हीजी सर्व्हेमध्ये (जमिनीवरून कोटिंगचे दोष शोधणाऱ्या विद्युत पाहणीत) दोष उमटत नाही, आणि आत वेल्डशेजारी पाइप खात राहतो. कॅनडात १९८५ मध्ये ट्रान्सकॅनडाच्या लाइनवर कमी पीएचचं स्ट्रेस कोरोजन क्रॅकिंग (ताण आणि गंज मिळून पडणाऱ्या भेगा) पहिल्यांदा ओळखलं गेलं, ते पॉलिथिलीन टेपच्या सुटलेल्या पापुद्र्याखालीच. टेप आणि स्लीव्ह एकच वस्तू नाही, पण करंट अडवण्याची तऱ्हा तीच. असली जागा सापडते ती बहुधा स्मार्ट पिग (पाइपच्या आतून जाऊन भिंत तपासणारं यंत्र) फिरल्यावर, वेल्डला चिकटून धातू कमी झाल्याची कड्यांसारखी रांग दिसते तेव्हा. साडेतीनच गुण दिले त्यातला मोठा वाटा या एका कमतरतेचा.

यावर उपाय पील टेस्ट. २४ तासांनंतर, स्लीव्हमध्ये २५ मिलिमीटर रुंदीची पट्टी परिघाच्या दिशेने स्टीलपर्यंत कापायची, टोक उचलून स्प्रिंग बॅलन्सला अडकवायचं, काटकोनात सावकाश ओढायचं. किलोचा आकडा लिहाच, पण त्याहून जास्त लक्ष पट्टीखाली द्या. चिकट थर स्वतःमध्ये फाटला, अर्धा पट्टीवर अर्धा इपॉक्सीवर राहिला, तर काम छान. चिकट थर इपॉक्सीवरून सालीसारखा स्वच्छ निघाला तर स्लीव्ह चढवली तेव्हा इपॉक्सी वाळलं होतं किंवा पाइप थंड होता. इपॉक्सीसकट उचकटून खाली चकाकतं स्टील दिसलं तर ब्लास्टिंग, मीठ किंवा दव. तीन चित्रं, तीन वेगळी कारणं. एक टेस्ट एक स्लीव्ह खाते म्हणून सुपरवायझर ती टाळतात. टाळू देऊ नका, आणि जॉइंट तुम्ही निवडा, त्यांना निवडू देऊ नका. पोटाकडची पट्टी कापायला सांगा. माथ्याची नेहमीच चांगली निघते.

पर्याय कुठे घ्यावेत? पावडर इपॉक्सीच्या लाइनवर लिक्विड इपॉक्सीच घ्या, ८०० ते १००० मायक्रॉन. सुटलं तरी करंट अडवत नाही. ३एलपीईच्या लाइनवर मात्र ते पॉलिथिलीनला धरायला कुरकुर करतं, म्हणून तिथे स्लीव्ह पुढे आहे. चालू लाइनवरच्या दुरुस्तीला स्लीव्ह नको. आत गॅस वाहतो तेव्हा तो उष्णता ओढत राहतो, टॉर्च कितीही मारला तरी पाइप साठ अंशांवर टिकत नाही. सकाळी तर अंगावर दव धरून असतो. तिथे व्हिस्को-इलास्टिक टेप बरी: प्रीहीट नाही, प्रायमर नाही, हाताने घासलेल्या स्टीलवरही बसते, खाचखळग्यात स्वतः वाहून जाते. वरून बाहेरचा रॅप लागतोच, कारण ती मऊ असते. बोअरिंग करून ओढायच्या लाइनला साधी स्लीव्ह अजिबात चालत नाही. पुढची कड मातीत सोलवटते. तिथे काचतंतूचं आवरण असलेली किंवा पुढच्या कडेला वेगळा वेअर कोन येणारी स्लीव्ह मागवावी लागते.

साठवण: पेट्या सावलीत आणि उभ्या न ठेवता आडव्या ठेवा. पत्र्याच्या कंटेनरमध्ये उन्हाळ्यात स्लीव्ह कडेने आवळायला लागते आणि आतला फिल्म थर चिकटून बसतो. इपॉक्सीचा बॅच नंबर आणि मुदत पेटीवर नाही, डब्यावर वाचा. ऑर्डर देताना आयएसओ २१८०९-३ या फील्ड जॉइंट कोटिंगच्या मानकाप्रमाणे झालेल्या चाचण्यांचा अहवाल आणि त्या व्यासाच्या पाइपवर कंपनीच्या माणसाने टोळीकडून करून घेतलेली ट्रायल, दोन्ही मागा. संख्येत दर ५० जॉइंटमागे पील टेस्टची एक, शिवाय जळालेल्या आणि पुन्हा कराव्या लागणाऱ्या जॉइंटसाठी दोन जादा धरा. इपॉक्सी किट स्लीव्हपेक्षा थोडे जास्तच, कारण उन्हाळ्यात आधी संपतात ते तेच.